सुटे भाग बदलता येणारी छत्री: पहिल्यांदा आराखडा करणाऱ्यांसाठी

छत्री सहसा एका काडीपायी वाया जाते. दांडा ठणठणीत, मूठ नव्यासारखी, कापडाला एकही भोक नाही. पण एक काडी सांध्याशी दुमडली की सगळी छत्री माळ्यावर. पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या नाशकात रस्त्याकडेला छत्री दुरुस्त करणारे बसतात. त्यांच्या पुढ्यातला जुन्या काड्यांचा गठ्ठा नीट पाहा. प्रत्येक काडीची लांबी निराळी, जाडी निराळी, भोकाची जागा निराळी. कारागीर कानस मारून, तार वळवून त्यातली एखादी तुमच्या छत्रीला बसवतो. हे कसब मोठं आहे आणि ते टिकायला हवं. पण छत्री कुणालाही घरच्या घरी दुरुस्त करता यावी असं वाटत असेल, तर ही जुळवाजुळव कारागिराच्या हातावर न सोडता आराखड्यातच करून ठेवावी लागते.

अशा कामाला नाशिकसारखी जागा नाही. सातपूरला डिझेल इंजिनांची नॉझलं बनतात, ओझरला विमानं जोडली जातात, आणि त्या मोठ्या कारखान्यांच्या आधाराने सातपूर-अंबडच्या गल्ल्यांमध्ये लेथ, मिलिंग आणि ग्राइंडिंगची छोटी वर्कशॉप उभी राहिली. जिग आणि फिक्स्चर (काम करताना भाग नेमक्या जागी धरणारे साचे), गो-नो-गो गेज (माप बरोबर की चूक एवढंच सांगणारं मापक) हे शब्द इथे घराघरात कुणीतरी वापरतं. त्या ज्ञानाचा थोडासा भाग छत्रीकडे वळवायचा, एवढंच.

हे मार्गदर्शन सरळ दांड्याच्या, हाताने उघडायच्या, आठ काड्यांच्या छत्रीसाठी आहे. तीन घड्यांची छत्री पहिल्या खेपेला घेऊ नका. तिच्या एकेका काडीला अनेक सांधे असतात, दांडा एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा असतो, आणि प्रत्येक सांध्यातली थोडीथोडी ढिलाई टोकापर्यंत साठत जाते.

आधी जुनी छत्री उकला

घरातली मोडकी छत्री घ्या आणि कापू नका, उकला. शेंड्यावरचं टोक काढा, कापडाचे टाके उसवा. आत काय दिसतं? वर दांड्याला पक्की बसवलेली एक चकती, तिला आठ खाचा. आठही लांब काड्यांच्या डोळ्यांतून एकच बारीक तार ओवलेली आणि पिळून बंद केलेली. तशीच दुसरी तार खाली, दांड्यावर वरखाली सरकणाऱ्या नळीत, आठ आखूड काड्यांना धरून. लांब आणि आखूड काडी मध्ये एका रिव्हेटने जोडलेली. दांड्यात दोन खटके: वरचा छत्री उघडी धरतो, खालचा मिटलेली.

खरी अडचण त्या दोन तारांत आहे. एक काडी काढायची तर तार तोडावी लागते, आणि तार तुटली की आठही काड्या मोकळ्या होतात. रिव्हेट हा दुसरा अडथळा, कारण तो पुन्हा वापरता येत नाही.

एक गोष्ट मात्र जुन्या छत्रीतच चांगली सोडवलेली आहे. काडीच्या टोकावरचं बोंड कापडाला शिवलेलं असतं आणि काडीवर नुसतं सरकवून बसवलेलं असतं. म्हणजे तो सांधा मुळातच सुटा आहे. तो तसाच ठेवा.

सगळी मापं व्हर्नियरने (मिलिमीटरचे बारीक अंश दाखवणाऱ्या सरकत्या मापकाने) घेऊन वहीत लिहा. पट्टीने घेतलेली मापं इथे कामाला येणार नाहीत.

काय बदलायचं आणि काय नाही, हे ठरवा

सगळंच बदलता आलं पाहिजे या हट्टाने छत्री जड होते आणि खुळखुळते. मी भागांच्या तीन रांगा करतो. पहिली रांग आवडीने आणि गरजेने बदलायच्या भागांची: कापड आणि मूठ. दुसरी मोडल्यावर बदलायच्या भागांची: लांब काडी, आखूड काडी, बोंडं, खटक्याची स्प्रिंग. तिसऱ्या रांगेत वरची चकती, सरकती नळी आणि दांडा. यांना सहसा हात लावायचा नाही, आणि बाकी सगळं यांच्या मापावर बेतायचं.

कापड बदलण्याची सोय आपल्या जिल्ह्यात विशेष उपयोगी आहे. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात पाऊस वाऱ्यासकट कोसळतो. सिन्नर, येवला, नांदगाव पर्जन्यछायेत. एकाच सांगाड्यावर घाटासाठी वारा निसटून जाईल असं दुपदरी कापड आणि एप्रिल-मेमध्ये शेतात किंवा बाजार समितीत उभं राहायला चंदेरी लेपाचं कापड चढवता आलं, तर घरात दोन छत्र्या लागत नाहीत.

सांधे आधी, भाग नंतर

या सगळ्या कामाचा कणा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू. नवशिका आधी सुंदर मूठ काढतो, मग ती दांड्याला कशी जोडायची याचा विचार करतो. उलट करा. कागदावर फक्त सांधे काढा. मूठ कशीही असो, तिचं दांड्यात शिरणारं टोक ठरलेलं. कापड कुठलंही असो, त्याच्या मधलं भोक आणि काठावरच्या आठ बोंडांच्या जागा ठरलेल्या. सांध्याचं माप एकदा ठरलं की भाग करणारा माणूस बदलला, साहित्य बदललं, दहा वर्षं गेली, तरी भाग बसतो.

आट्यांचा इतिहास हेच सांगतो. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचा कोन आणि अंतर ठरवून देण्याचा प्रस्ताव मांडला. त्याआधी इंग्लंडात जो तो कारखाना आपापले आटे पाडत असे, आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. आपल्याला आज एम मालिकेतले (मेट्रिक मापाचे) आटे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. म्हणून स्वतःचे आटे कधीही शोधून काढू नका. पूर्ण छत्रीत दोनच मापं ठेवा: शेंड्याला एम५ (म्हणजे व्यास ५ मिमी, दोन आट्यांमधलं अंतर ०.८ मिमी) आणि मुठीला एम८ (अंतर १.२५ मिमी). शेंड्याच्या टोपीला दोन मिलिमीटर रुंदीची खाच पाडा, म्हणजे रुपयाच्या नाण्याने ती उघडते. भर पावसात बसथांब्यावर पेचकस कुणाकडे असतो?

मूठ हातात सतत पिळली जाते, त्यामुळे नुसते आटे हळूहळू सैल होतात. आट्यांच्या तळाशी एक रबरी कडं बसवा किंवा बाजूने आत दाबून धरणारा एक छोटा स्क्रू द्या.

आता वरची चकती. तार काढून टाकायची आहे. चकती २६ मिमी व्यासाची घ्या, ४५-४५ अंशांवर आठ खाचा पाडा. प्रत्येक काडीच्या डोळ्यात तिची स्वतःची २ मिमी जाडीची, ६ मिमी लांबीची आडवी पिन बसवा. चकतीत प्रत्येक खाचेला आडवी अशी छोटी खळगी करा. काडी वरून टाकली की पिन खळगीत बसते. वरून एक झाकणचकती आणि नट. एक काडी बदलायची तर झाकण उचला, ती एकच काडी काढा, नवी टाका. बाकीच्या सात जागच्या जागी राहतात.

कापड मात्र या झाकणाने धरू नका. कापडासाठी त्याच्याही वर वेगळी टोपी हवी. दोन्ही कामं एकाच स्क्रूने केली तर कापड बदलताना काड्या निसटतील. हा एक जादा नट वाया जात नाही.

सरकत्या नळीलाही अगदी याच मापाच्या खाचा आणि खळग्या द्या. मग लांब आणि आखूड काडीचा डोळा एकसारखा होतो, पिन एकच लागते, आणि पाकिटात ठेवायचे सुटे भाग निम्मे होतात.

मापं बसवा

सुरुवातीला हे गणित घ्या. लांब काडी ५८ सेमी. वरच्या डोळ्यापासून २७ सेमीवर मधला सांधा. आखूड काडी ३० सेमी. छत्री मिटली की दोन्ही काड्या एका रेषेत येतात, म्हणजे सरकती नळी चकतीच्या खाली २७ + ३० = ५७ सेमीवर थांबते. ही बेरीज लांब काडीपेक्षा जास्त होऊ देऊ नका, नाहीतर नळी कापडाच्या खाली लोंबेल. छत्री उघडल्यावर काठ ते काठ एक मीटर धरला, तर नळी चकतीच्या खाली साधारण २० सेमीवर येते. वरचा खटका तिथे. नेमकी जागा पहिला नमुना उघडून, कापड ताणून, मगच खूण करा. ८० सेमीची नळी दांड्याला पुरते.

दांड्याला १० मिमी व्यासाची, १ मिमी जाडीची स्टेनलेस नळी चांगली. अ‍ॅल्युमिनियम हलकं पडतं, पण त्याच मापात ते आडव्या वाऱ्याने वाकतं. जोर किती येतो? ताशी ४० किमी वेगाचा वारा एक मीटरच्या छत्रीत भरला तर ढोबळमानाने सात-आठ किलो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. दोन्ही हातांनी धरूनही छत्री का उलटते, ते यावरून कळेल.

सरकत्या नळीसाठी वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा नायलॉन सुचवतील. नायलॉन पाणी शोषून किंचित फुगतं, आणि ऐन पावसात नळी दांड्यावर अडकू लागते. डेलरिन नावाचं कडक, गुळगुळीत प्लास्टिक घ्या; ते पाणी फारच कमी शोषतं आणि लेथवर छान कापलं जातं. दांडा १० मिमी तर नळीचं भोक १०.३ मिमी. काडीचा डोळा २.५ मिमी जाड तर खाच २.८. पिन २ तर खळगी २.१. यापेक्षा घट्ट केलं तर रेतीचा एक कण पुरे होतो. जास्त सैल केलं तर छत्री डुलते.

थ्रीडी प्रिंटरवर नमुने काढणार असाल तर सैलपणा थोडा वाढवा आणि आधी नुसत्या एका खाचेचा तुकडा छापून पिन बसवून पाहा. पीएलए हे अशा प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक नमुन्यापुरतं ठीक. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत डॅशबोर्डवर तेवढी उष्णता सहज होते. वापरायच्या भागाला पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक तरी घ्या, आणि प्लास्टिकमध्ये थेट आटे न पाडता पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली छोटी नळी) गरम करून बसवा.

काड्या जिगवर करा

काडी कशाची? १८५२ मध्ये सॅम्युअल फॉक्स यांनी इंग्रजी यू अक्षरासारख्या छेदाची पोलादी काडी आणली. पत्रा पातळ असूनही ती ताठ राहते, आणि आजही बाजारातल्या पुष्कळ छत्र्यांत तीच असते. तिचा दोष एवढाच की एकदा दुमडली की तिथे कायमची कमजोर होते. फायबरग्लासची साडेतीन मिलिमीटरची सळई वाकून परत सरळ होते. लांब काडीला फायबरग्लास, आखूड काडीला पोलाद, हा माझ्या मते सगळ्यांत चांगला जोड आहे.

फायबरग्लासला भोक पाडू नका, तंतू फाटतात. वरच्या टोकाला डोळा असलेलं टोपण आणि मधल्या सांध्यासाठी कान असलेली बाही, दोन्ही इपॉक्सीने चिकटवा. सळईला त्या जागी पॉलिश पेपर मारून खरबरीत करा आणि रात्रभर हलवू नका. कापताना-घासताना मास्क आणि हातमोजे हवेतच. ती भुकटी अंगाला खाजते आणि फुप्फुसाला वाईट.

आता जिग. एका जाड पट्टीवर तीन गोष्टी पक्क्या करा: एक पिन, जिच्यावर डोळा बसेल, २७० मिलिमीटरवर दुसरी पिन, बाहीच्या कानासाठी, ५८० मिलिमीटरवर शेवटचा टेकू. इपॉक्सी ओली असताना काडी यात बसवायची आणि सुकल्यावरच काढायची. प्रत्येक काडी मापून करण्यापेक्षा सगळ्या काड्या एकाच जिगमधून काढणं अधिक भरवशाचं, कारण जिग अर्ध्या मिलिमीटरने चुकला असेल तरी आठही काड्या सारख्याच चुकतील आणि छत्री तोल सांभाळेल. लांबीत एखादी काडी दोन मिलिमीटर वेगळी असली तर त्या बाजूचं कापड लुळं पडतं. लांबीला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालेल. डोळ्याच्या भोकाला मात्र ०.०५ मिमीच्या आत राहा.

मधल्या सांध्याला रिव्हेटऐवजी डोक्याची पिन आणि तिला बारीक ई-क्लिप (पिनच्या खाचेत अडकणारी ई अक्षरासारखी चाप) लावा. पकडीने निघते, पुन्हा बसते. ती उडून हरवते म्हणून दोन जादा ठेवा.

भोकांसाठी गो-नो-गो पिनची जोडी करून घ्या. एक टोक शिरलंच पाहिजे, दुसरं शिरताच कामा नये. ग्राइंडिंगवाल्याकडे हे छोटं काम आहे, आणि पुढे दुसऱ्या कुणाकडून काड्या करून घ्यायच्या झाल्या तर त्याच्या हातात ही पिन द्यायची. वाद उरत नाही.

कापड

पाँजी पॉलिएस्टर (घट्ट विणीचं पातळ कापड) घ्या. नायलॉनचं कापड भिजल्यावर सैल पडतं. आठ कळ्या (त्रिकोणी तुकडे) लागतील. काठ ते काठ एक मीटर छत्रीला कळीचा पाया ३८ सेमी आणि बाजू ५८ सेमी येते. पण सरळ त्रिकोण कापला तर छत्री घुमटासारखी फुगणार नाही. शेंड्यापासून २९ सेमीवर सरळ त्रिकोणाची रुंदी १९ सेमी भरते, तर घुमटाला तिथे सुमारे साडेएकवीस हवेत. म्हणून दोन्ही बाजूंना मध्यावर सव्वा सेंटिमीटरची गोलाई द्या आणि टोकांकडे ती कमी करत न्या. त्याबाहेर एक सेंटिमीटर माया.

ही कळी पुठ्ठ्यावर नको, पत्र्यावर कापून घ्या. पुठ्ठ्याची कड खडू लावता लावता झिजते. सगळ्या कळ्यांत उभा धागा मधोमध आणि एकाच दिशेने. दोन कळ्या आडव्या टाकून कापड वाचवण्याचा मोह होतो, पण उरेब कड वेगळी ताणली जाते आणि ती छत्री एका अंगाला ओढते. पहिलं कापड स्वस्तात शिवून चढवा. काठाला सुरकुत्या पडल्या तर रुंदी थोडी कमी करा. छत्री उघडताना खटक्यापर्यंत नळी नेता येत नसेल तर वाढवा.

नेहमीच्या छत्रीत कापड काड्यांना मध्ये हाताने टाकलेलं असतं. आपण तिथे कापडाला छोटी पट्टी शिवू आणि ती काडीभोवती घेऊन टिचबटणाने बंद करू. शेंड्याच्या भोकाला धातूचं आयलेट (भोकाची कड धरणारं कडं) ठोका, नाहीतर टोपी आवळताना कापड गोळा होतं. बोंड आणि कापड यांच्यामध्ये बारीक इलॅस्टिकचा फासा ठेवा. शिलाईत दोन-चार मिलिमीटरचा फरक राहतोच, तो या फाशात जिरतो. धातूत नेमकेपणा आणि कापडात थोडी माफी, अशी वाटणी केली की शिंप्याला आणि लेथवाल्याला दोघांनाही आपापल्या सवयीने काम करता येतं.

अदलाबदलीची परीक्षा

एक छत्री करून काही सिद्ध होत नाही. निदान दोन करा, तीन केल्या तर उत्तम. १९०८ मध्ये इंग्लंडात ब्रुकलँड्स इथे तीन कॅडिलॅक मोटारी पूर्ण सुट्या केल्या, भाग एकमेकांत मिसळले, त्यातूनच पुन्हा तीन मोटारी जोडल्या आणि त्या ५०० मैल चालवून दाखवल्या. आपली परीक्षाही तीच. सगळ्या छत्र्या सुट्या करा, भाग एका घमेल्यात मिसळा, आणि ज्याने ही छत्री कधी पाहिली नाही अशा माणसाला जोडायला द्या. तुम्ही बाजूला बसा, बोलू नका. कानस, हातोडी किंवा पकडीने दाबणं लागलं तर तो सांधा नापास. जोडणाऱ्याने जिथे थांबून विचार केला, ती जागा वहीत टिपा. तिथे खूण, रंग किंवा एकाच बाजूने बसेल असा आकार हवा.

मग पाण्याची नळी धरा आणि शेंड्याच्या टोपीखालून थेंब येतो का ते पाहा. येत असेल तर रबरी वायसर घाला. ओली छत्री मिटून रात्रभर ठेवा, सकाळी पिना आणि आखूड काड्या गंजल्या का पाहा. वाऱ्यासाठी होळकर पुलाच्या पदपथावर पावसाळी दुपारी गोदावरीवरून चांगला वारा मिळतो, फक्त गर्दीची वेळ टाळा. छत्री मुद्दाम उलटू द्या. उलटल्यावर नळी खाली ओढून ती सरळ झाली आणि एकही पिन निसटली नाही, तर झाकणचकती बरोबर बसली आहे.

नकाशा आणि पाकीट

प्रत्येक सांध्याला नाव द्या आणि एका कागदावर त्याची मापं लिहा: सांधा १ शेंडा, सांधा २ डोळा आणि पिन, सांधा ३ मधला कान, सांधा ४ बोंड, सांधा ५ मूठ. पुढे काही सुधारायचं झालं तर भाग हवा तसा बदला. सांध्याचं माप बदललं मात्र नवं नाव द्या, ‘२’ चं ‘२अ’ करा, आणि ते चकतीवर कोरा. नाहीतर तीन वर्षांनी कुणीतरी जुन्या छत्रीला नवी काडी घेऊन येईल आणि ती बसणार नाही.

छत्रीबरोबर एक छोटं पाकीट द्या: एक लांब काडी वगळता बाकी सगळं त्यात मावतं. दोन पिना, दोन ई-क्लिप, दोन बोंडं, एक स्प्रिंग, एक वायसर आणि घडी केलेला मापांचा कागद. लांब काडीची जागा छत्रीच्या पिशवीच्या शिवणीला एक अरुंद कप्पा शिवून करा. ५८ सेमीची सळई तिथे कुणाला टोचत नाही.